‘रिझरेक्शनिस्ट’ म्हणजे कोण?

‘रिझरेक्शनिस्ट’ हा शब्द इंग्रजी शब्दकोशात काढून पाहिला, तर एकमेकांशी काही नाते नसलेले अर्थ एकाखाली एक दिलेले दिसतात. मेलेली माणसे पुन्हा उठतील असे मानणारा, हा एक अर्थ. विस्मरणात गेलेली गोष्ट पुन्हा चलनात आणणारा, हा दुसरा. आणि कबरी उकरून प्रेते चोरणारा, हा तिसरा. भाविक, जीर्णोद्धारक आणि चोर या तिघांना एकच नाव कसे मिळाले? या प्रश्नाचे अर्धे उत्तर भाषेच्या इतिहासात आहे. उरलेले अर्धे शरीररचनाशास्त्राच्या इतिहासात आहे आणि त्याचा एक धागा आपल्या डहाणू-तलासरीपर्यंत येऊन पोचतो.

शब्दाचे मूळ आणि त्याची थट्टा

मूळ लॅटिन क्रियापदाचा अर्थ ‘पुन्हा उठणे’ एवढाच आहे. मराठी ख्रिस्ती वाङ्मयात त्यासाठी ‘पुनरुत्थान’ हा शब्द रूढ झाला. वसईकडच्या वाचकांना तो ईस्टरच्या संदर्भात चांगलाच परिचित असेल. अखेरच्या दिवशी सर्व मृत आपापल्या कबरींतून उठतील, अशी ख्रिस्ती धर्माची श्रद्धा आहे. अठराव्या शतकात लंडन आणि एडिंबरोमध्ये रात्री कबरी उकरून प्रेते काढणाऱ्या टोळ्या उदयाला आल्या, तेव्हा लोकांनी त्यांना उपरोधाने ‘पुनरुत्थानवाले’ म्हणायला सुरुवात केली. धर्मगुरू मृतांना अखेरच्या दिवशी उठवणार होते, हे लोक त्यांना दफनाच्या दुसऱ्याच रात्री उठवत होते! आयर्लंडमध्ये त्यांना ‘पोत्यात भरणारे’ असे अधिक रोखठोक नाव होते.

गंमत अशी की १८३६ साली पॅरिसमध्ये काही पोलिश कॅथलिकांनी पुनरुत्थानाच्या नावाने एक धर्मसंघ स्थापन केला. त्याच्या सदस्यांना इंग्रजीत आजही ‘रिझरेक्शनिस्ट’ असेच म्हणतात. म्हणजे ज्या शतकात हा शब्द ऐकून एडिंबरोतली माणसे दाराला कडी घालत होती, त्याच शतकात तो आदराची पदवीही होता.

मराठीत या धंद्याला स्वतंत्र नाव नाही. ‘प्रेतचोर’ हा शब्द आपण जुळवून वापरतो, पण बोलण्यातून तो आलेला नाही. मराठीला मढ्याची उपमा मात्र वर्ज्य नाही. ‘मढ्याच्या टाळूवरचे लोणी खाणे’ म्हणजे हावरेपणाची परिसीमा. ‘गाडलेली मढी उकरणे’ म्हणजे मिटलेले वाद पुन्हा काढणे. इंग्रजीत जे प्रत्यक्षात घडत होते, ते मराठीत केवळ वाक्प्रचारात राहिले. असे का झाले, हे समजण्यासाठी आधी तिकडे काय चालले होते ते पाहू.

प्रेताला किंमत का आली?

शल्यचिकित्सा शिकायची तर शरीर आतून पाहावे लागते. इंग्लंडमध्ये १५४० च्या कायद्याने न्हावी-शल्यविशारदांच्या संघाला वर्षाला फाशी गेलेल्या चार गुन्हेगारांची प्रेते मिळू लागली. १७५२ पासून लागू झालेल्या कायद्याने प्रत्येक खुन्याचे प्रेत एकतर विच्छेदनासाठी द्यावे, नाहीतर साखळ्यांत लटकवावे, असे ठरले. विच्छेदन हा अशा रीतीने शिक्षेचा भाग बनला. फाशीपेक्षा भयंकर काहीतरी असावे, हाच त्यामागचा हेतू होता. पुढे वैद्यकाच्या खाजगी शाळा वाढल्या, विद्यार्थी शेकड्यांनी येऊ लागले, पण फाशी जाणारे खुनी काही त्या प्रमाणात वाढले नाहीत. मागणी आणि पुरवठा यांतली ही फट पुनरुत्थानवाल्यांनी भरून काढली.

या धंद्याचे वेळापत्रक रसायनशास्त्राने ठरवले होते. मृत्यूनंतर पेशींमधली विकरे पेशींनाच विरघळवू लागतात आणि आतड्यांतले जीवाणू शरीरभर पसरतात. प्रेत टिकवण्याची आजची सोय तेव्हा नव्हती. फॉर्मल्डिहाइडमुळे ऊती कडक होतात, हे जर्मनीत फर्डिनांड ब्लुम यांच्या ध्यानात आले ते १८९३ साली. जंतुनाशक म्हणून त्याचे प्रयोग करताना त्यांच्या स्वतःच्या बोटांची कातडी कडक झाली होती! हा पदार्थ प्रथिनांच्या साखळ्या एकमेकींना जोडून टाकतो, त्यामुळे विकरे निकामी होतात आणि जीवाणूंना ते अन्न पचवता येत नाही. त्याआधीच्या काळात मात्र विच्छेदनाचे वर्ग थंडीत भरत, प्रेत ताजे लागे आणि ताज्या प्रेतालाच भाव मिळे. म्हणूनच स्कॉटलंडमध्ये कबरीवर काही आठवडे लोखंडी पिंजरा बसवण्याची पद्धत पडली. प्रेत कुजून निरुपयोगी झाले की पिंजरा काढून पुढच्या कबरीवर नेत.

कायद्याची फट तर आणखी विलक्षण होती. इंग्लंडच्या कायद्यानुसार प्रेत ही कोणाचीच मालमत्ता नव्हती आणि जे कोणाचे नाही त्याची चोरी कशी होणार? १७८८ साली न्यायालयाने विच्छेदनासाठी प्रेत उकरून नेणे हा गुन्हा ठरवला खरा, पण कमी दर्जाचा. कफन मात्र मालमत्ता होती. ते नेले तर सरळ चोरी. म्हणून सराईत पुनरुत्थानवाले प्रेताच्या अंगावरचे कापड काढून परत कबरीत टाकत आणि उघडे प्रेत पोत्यात भरत. आवाज होऊ नये म्हणून लाकडी फावडी वापरत, सगळी कबर न उकरता फक्त डोक्याकडची बाजू उकरत आणि दोर बांधून प्रेत वर ओढत. लंडनच्या अशाच एका टोळीतल्या माणसाने १८११-१२ साली लिहिलेली रोजनिशी उपलब्ध आहे. ती १८९६ मध्ये छापली गेली. कोणत्या रात्री किती प्रेते काढली आणि कोणत्या रुग्णालयाला विकली, याच्या नोंदी त्यात दुकानदाराच्या वहीसारख्या आहेत.

या चोरीत सर्वांत सोपी शिकार कोणाची? श्रीमंत शिशाच्या पेट्या घेत, रखवालदार ठेवत. गरिबांना एका मोठ्या खड्ड्यात एकावर एक पुरत आणि खड्डा भरेपर्यंत तो अर्धवटच बुजवत. तेथे फार उकरावेही लागत नसे.

एडिंबरोचे खून आणि १८३२ चा कायदा

१८२८ मध्ये एडिंबरोत विल्यम बर्क आणि विल्यम हेअर यांचे प्रकरण उघडकीस आले. त्यांच्याकडे राहणारा एक म्हातारा आजाराने मेला. त्याचे थकलेले भाडे वसूल करण्यासाठी त्यांनी त्याचे प्रेत डॉ. रॉबर्ट नॉक्स यांच्या शाळेला विकले. मिळालेले पैसे पाहून, माणूस मरण्याची वाट तरी कशाला पाहायची, असे त्यांना वाटले असावे. त्यांनी सोळा जणांचे खून केले. मेलेले लोक बहुतेक भटके, निराधार, ज्यांची चौकशी करायला कोणी येणार नाही असे होते. हेअर माफीचा साक्षीदार झाला. बर्कला २८ जानेवारी १८२९ रोजी फाशी झाली, त्याचे प्रेत विच्छेदनासाठी देण्यात आले आणि त्याचा सांगाडा एडिंबरो विद्यापीठाच्या संग्रहालयात आजही आहे. डॉ. नॉक्स यांच्यावर खटला झाला नाही.

काटेकोर बोलायचे तर बर्क आणि हेअर ‘पुनरुत्थानवाले’ नव्हतेच, कारण त्यांनी एकही कबर उकरली नाही. तरी लोकांच्या तोंडी तो शब्द त्यांनाही चिकटला. बर्कच्या नावावरून इंग्रजीला एक क्रियापदही मिळाले. आधी त्याचा अर्थ गुदमरवून मारणे असा होता, पुढे एखादे प्रकरण दाबून टाकणे असा झाला.

१८३१ मध्ये लंडनमध्येही असेच खून उघडकीस आल्यावर ब्रिटिश संसदेने १८३२ चा शरीररचना कायदा केला. खुन्यांच्या प्रेतांचे विच्छेदन बंद झाले. त्याऐवजी ज्याच्या ताब्यात प्रेत असेल त्याला ते वैद्यकीय शाळेला देण्याची मुभा मिळाली. निराधारांसाठीच्या सरकारी कामगारगृहांत मरणाऱ्यांची प्रेते कोणी नेली नाहीत, तर ती त्या गृहाच्या व्यवस्थापकांच्या ताब्यात असत. चोरांचा धंदा काही वर्षांत बसला. पण इतिहासकार रूथ रिचर्डसन यांनी १९८७ च्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले, की शतकानुशतके जी खुनाची शिक्षा होती, ती आता गरिबीची शिक्षा झाली. टेबलावरचे प्रेत पूर्वीही गरिबाचेच होते, आता ते कायद्याने येऊ लागले.

याला एक सन्माननीय अपवाद त्याच वर्षी घडला. तत्त्ववेत्ते जेरेमी बेंथम जून १८३२ मध्ये वारले. आपल्या देहाचे विच्छेदन व्हावे, असे त्यांनी मृत्युपत्रात लिहून ठेवले होते आणि त्यांच्या मित्रांसमोर ते करण्यात आले.

आपल्याकडे

शरीर आतून पाहण्याची गरज भारतात फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात त्याची कृती दिली आहे. प्रेत सर्व अवयवांनी युक्त असावे. विषाने किंवा दीर्घ आजाराने मेलेल्याचे, अथवा शंभरी गाठलेल्याचे नसावे. आतड्यांतला मळ काढून ते गवत-तागाने गुंडाळावे, पिंजऱ्यात घालून वाहत्या पाण्यात निवांत जागी ठेवावे. सात रात्रींनंतर वाळा, केस किंवा बांबूच्या कुंचल्याने हळूहळू घासत त्वचेपासून आतपर्यंत एकेक थर पाहावा. फॉर्मॅलिन नसताना कुजण्याच्या क्रियेलाच सुरी म्हणून वापरण्याची ही युक्ती आहे! प्रेत कसे असावे याच्या अटी येथे आहेत. कोणाला विचारून घ्यावे, हा प्रश्न मात्र येत नाही.

आधुनिक काळात मधुसूदन गुप्त यांनी १८३६ मध्ये कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात विच्छेदन केले. मुंबईत ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय १८४५ मध्ये सुरू झाले. तेथून १८५१ मध्ये बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीत भाऊ दाजी लाड होते.

मुंबईत मात्र इंग्लंडसारख्या टोळ्या उदयाला आल्या नाहीत. कारणे समजण्यासारखी आहेत. बहुसंख्य लोक दहन करतात. जेथे दफन होते तेथेही आपल्या उष्ण हवेत प्रेत फार लवकर कुजते. आणि महत्त्वाचे म्हणजे विच्छेदनाचे शिक्षण येथे आले ते मोठ्या रुग्णालयांना जोडूनच. ज्यांना न्यायला कोणी येत नाही अशी प्रेते त्या रुग्णालयांतच होती. मुंबई प्रांताने १९४९ मध्ये स्वतःचा शरीररचना कायदा केला. रुग्णालय, तुरुंग किंवा सार्वजनिक जागी मेलेल्या व्यक्तीचे प्रेत ठरलेल्या मुदतीत जवळच्या नातेवाइकाने मागितले नाही, तर ते शिक्षणासाठी देता येते. या सूत्रात १८३२ च्या कायद्याची छाया स्पष्ट दिसते.

अशा प्रेताला आपण ‘बेवारस’ म्हणतो. हा शब्दही नीट पाहण्यासारखा आहे. ‘वारस’ म्हणजे मालमत्तेचा हक्कदार. ‘बेवारस’ पिशवी असते, गाडी असते, कुत्रे असते आणि माणूसही असतो. पण कायद्याच्या दृष्टीने ‘वारस नसणे’ आणि ‘वेळेत कोणी न पोचणे’ यांत फरक उरत नाही. खरे तर या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत.

डहाणू-तलासरीतून पाहताना

हा फरक कळायला आपला भाग चांगला आहे. डहाणू-तलासरीची अनेक कुटुंबे पावसाळा संपला की वीटभट्टीवर, बांधकामावर किंवा गुजरातच्या मच्छीमार बोटींवर खलाशी म्हणून जातात. शाळेचा पट दिवाळीनंतर का रोडावतो, हे येथल्या शिक्षकांना सांगायला नको. गावापासून शेकडो किलोमीटरवर, ओळखीचा कागद खिशात नसताना आजारी पडलेल्या माणसाला घर असते, बायकामुले असतात, पण त्यांना बातमी पोचायलाच आठवडा लागू शकतो. २०२४ मध्ये डहाणू तालुक्यातल्या एका खलाशाचा कराचीच्या तुरुंगात मृत्यू झाला. त्याचा देह घरी यायला सुमारे दीड महिना लागला. तो माणूस बेवारस मुळीच नव्हता. त्याची वाट पाहणारे लोक होते, फक्त मध्ये सरहद्द होती.

या तालुक्यांतून कोणाचा देह अन्यायाने विच्छेदनाला गेला, असे मला सुचवायचे नाही. सांगायचे आहे ते एवढेच, की ‘कोणी मागितले नाही’ या कसोटीवर नापास होण्याची शक्यता सगळ्यांना सारखी नसते. घरात फोन असणारा, कागदपत्रे सांभाळणारा, शहरात नातेवाईक असणारा माणूस सहसा बेवारस ठरत नाही.

देह कोणाचा, हा प्रश्न या भागाने जिवंतपणीही सोसला आहे. लग्नासाठी जमीनदाराकडून घेतलेल्या कर्जापायी नवराबायको दोघांनी त्याच्याकडे राबायचे, या प्रथेला ‘लग्नगडी’ म्हणत. फेडीचा हिशेब कधी संपतच नसे. इंग्रजी कायदा मेलेले शरीर कोणाची मालमत्ता मानत नव्हता. येथे मात्र जिवंत शरीर गहाण पडत होते. २३ मे १९४५ रोजी आज तलासरी तालुक्यात असलेल्या झरी येथे वारल्यांची परिषद भरली. शामराव आणि गोदावरी परुळेकरांच्या साथीने त्यांनी वेठ आणि लग्नगडी बंद करण्याचा निश्चय केला आणि पुढच्या लढ्यात तो अमलात आणला. गोदावरीबाईंनी या लढ्यावर लिहिलेल्या पुस्तकाचे नाव ‘जेव्हा माणूस जागा होतो’ असे आहे. ‘पुन्हा उठणे’ या लॅटिन क्रियापदाचा इतका चांगला मराठी अर्थ मला दुसरीकडे सापडलेला नाही.

दुसरा अर्थ : जुने पुन्हा उठवणारे

‘जुन्या गोष्टी पुन्हा चलनात आणणारा’ या अर्थाचा वादही महाराष्ट्राने पाहिला आहे. आपण त्याला पुनरुज्जीवनवादी म्हणतो. १८९७ मध्ये अमरावतीच्या सामाजिक परिषदेत न्यायमूर्ती रानडे यांनी या मंडळींना एक साधा प्रश्न विचारला होता: जुने परत आणायचे म्हणता, तर नेमके कोणते जुने? नियोग आणायचा, की सती, की यज्ञातली पशुहत्या? समाज हा जिवंत देह आहे आणि त्यात मेलेले भाग परत जोडता येत नाहीत, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता.

निसर्गात मात्र खरोखर ‘पुन्हा उठणाऱ्या’ वनस्पती आहेत आणि जीवशास्त्रात त्यांना हेच विशेषण लावतात. सह्याद्रीच्या उघड्या कातळावरची काही नेचे आणि गवते उन्हाळ्यात पार वाळतात आणि पहिल्या पावसानंतर काही तासांतच हिरवी होतात. ती मेलेली नसतातच. पेशींमध्ये साठवलेल्या विशिष्ट शर्करा त्यांची पटले आणि प्रथिने मोडू देत नाहीत. तळ्याच्या तळाशी गाळात दशकानुदशके पडून राहिलेली डॅफ्नियासारख्या सूक्ष्म कवचधारी प्राण्यांची अंडी उबवून त्यांची आजच्या पिढ्यांशी तुलना करणाऱ्या अभ्यासशाखेलाही ‘पुनरुत्थान परिस्थितिकी’ असेच नाव मिळाले आहे. चोरांची एक बदनाम पदवी अशा रीतीने दोनशे वर्षांत प्रयोगशाळेत पोचली.

कपाटातला सांगाडा

शेवटी शिक्षकांच्या अगदी जवळचा मुद्दा. अनेक जुन्या शाळा-महाविद्यालयांच्या प्रयोगशाळेत काचेच्या कपाटात मानवी सांगाडा असतो. अलीकडचे सांगाडे प्लास्टिकचे आहेत, पण जुने बरेचसे खरे असतात. एके काळी जगभरच्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना भारतातून, मुख्यतः कलकत्त्याहून, सांगाडे जात. १९८५ मध्ये भारत सरकारने ही निर्यात बंद केली. तरी २००७ मध्ये पश्चिम बंगालमधल्या पूर्वस्थळी येथे पोलिसांना मानवी हाडांचा मोठा साठा सापडला. म्हणजे ‘पुनरुत्थानवाले’ ही केवळ लंडनच्या धुक्यातली गोष्ट नाही. स्मशानात किंवा दफनभूमीत अतिक्रमण करून प्रेताची विटंबना करणे हा आपल्याकडे गुन्हा आहे. पूर्वी तो भारतीय दंड संहितेच्या कलम २९७ खाली येई, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०१ खाली येतो.

लंडनच्या हंटेरियन संग्रहालयात चार्ल्स बर्न या अतिउंच आयरिश माणसाचा सांगाडा दोनशेहून अधिक वर्षे मांडलेला होता. बर्न १७८३ मध्ये वारला. आपले प्रेत शल्यविशारदांच्या हाती पडू नये म्हणून ते समुद्रात बुडवावे, अशी त्याची इच्छा असल्याचे सांगतात. जॉन हंटर यांनी ते पैसे चारून मिळवले. २०२३ मध्ये संग्रहालय पुन्हा उघडले तेव्हा तो सांगाडा मांडणीतून काढलेला होता. एका माणसाचे ‘नाही’ ऐकायला विज्ञानाला इतका वेळ लागला.

‘होय’ म्हणणारेही आहेत. २०१० च्या जानेवारीत ज्योती बसू आणि फेब्रुवारीत आपल्या मराठवाड्यात जन्मलेले नानाजी देशमुख वारले. राजकारणात एकमेकांच्या अगदी विरुद्ध टोकाला असलेल्या या दोघांनीही आपले देह वैद्यकीय शिक्षणाला देऊन ठेवले होते. अनेक महाविद्यालयांत पहिल्या वर्षाचे विद्यार्थी आता विच्छेदनाला हात लावण्यापूर्वी देहाप्रती आदराची शपथ घेतात. डहाणू तालुक्यातही आज वैद्यकीय महाविद्यालय आहे. उद्या आपल्याच वर्गातली एखादी वारली मुलगी तेथे विच्छेदनाच्या टेबलाशी उभी राहील, ही काही दूरची कल्पना नाही.

विच्छेदनावाचून डॉक्टर घडत नाही, हे आजही बरेच अंशी खरे आहे. दोनशे वर्षांपूर्वीच्या चोराला आणि आजच्या देहदात्याला वेगळे करते ती फक्त संमती. शरीराचा पाठ शिकवताना हाडांची संख्या आपण सांगतोच. कपाटात खरा सांगाडा असेल, तर तो शाळेत केव्हा आणि कोठून आला, हे जुन्या साठा-नोंदवहीत मुलांकडून शोधून घ्यावे. बहुतेक ठिकाणी विक्रेत्याचे नाव आणि किंमत सापडेल, माणसाचे नाव सापडणार नाही. ते का सापडत नाही, याची चर्चा एका तासिकेत सहज होऊ शकते.